गावच्या नाट्यसंस्थेने परदेशांतील नाट्यसंग्रहालयांशी सहकार्य कसे करावे?

आपल्या तालुक्याच्या गावी १९५२ साली स्थापन झालेल्या हौशी नाट्यसंस्थेकडे हस्तलिखित संहिता, प्रॉम्प्टरच्या वह्या, सुमारे दीड हजार हँडबिले व जाहिराती (त्यांतील काही एका संस्थापकाच्या वडिलांनी जमवलेली, म्हणजे संस्थेहूनही जुनी), छायाचित्रे, चाळीसेक स्पूल टेप आणि कपडेपटातल्या चार पेट्या आहेत, असे आपण कळवले आहे. परदेशांतील नाट्यसंग्रहालयांशी आणि ग्रंथालयांशी अशा संस्थेने सहकार्य करावे काय, त्यातून निधी मिळतो काय आणि पहिले पत्र कोणाला लिहावे, हे आपले तीन प्रश्न आहेत.

निधीचे उत्तर आधी देतो, कारण बहुतेकांचा खरा प्रश्न तोच असतो आणि पुढची निराशाही त्यातूनच येते. नाट्यसंग्रहांच्या आंतरराष्ट्रीय संघटना पैसे देत नाहीत, वर्गणी घेतात. काही परदेशी योजना डिजिटायझेशनसाठी अनुदान देतात, पण त्यांच्या अटींत आपला सगळा ऐवज बसणार नाही. सहकार्य मात्र अवश्य करावे आणि ते आजच सुरू करता येते. त्याचा पाया परिषदांत किंवा सामंजस्य करारांत नसतो; आपण आपल्या कपाटातल्या एका कागदाची नोंद कशी करतो, यात असतो. माझी तीस वर्षे नाट्यविषयक कागदपत्रांच्या सूचीकरणात गेली. परदेशांशी झालेल्या ज्या पत्रव्यवहारातून काही निष्पन्न झाले, तो दर वेळी एखाद्या नेमक्या नोंदीमुळे सुरू झाला होता. शिफारसपत्रांमुळे सुरू झालेला बहुधा चहापाण्यावर थांबला.

पुस्तक जिथे असते तिथे ते पुरे असते. नाटकाचे तसे नाही. पडदा पडला की प्रयोग संपतो आणि मागे राहतात ते त्याचे तुकडे: संहिता लेखकाच्या घरी, संगीताची टेप पेटीवाल्याकडे, छायाचित्रे स्टुडिओत, परवानगीची प्रत सरकारदरबारी. नाटक परदेशाशी जोडलेले असेल तर हे तुकडे सीमा ओलांडून जातात. जर्मन नाटककार ब्रेख्टच्या नाटकावरून चिं. त्र्यं. खानोलकरांनी लिहिलेल्या ‘अजब न्याय वर्तुळाचा’चे उदाहरण घ्या. विजया मेहता यांनी ते वायमारचे दिग्दर्शक फ्रिट्झ बेनेविट्झ यांच्या सहकार्याने बसवले आणि ते तत्कालीन पूर्व जर्मनीतही झाले. बेनेविट्झ १९७०पासून भारतात येत राहिले. त्यांच्या पत्रांचा आणि टिपणांचा संग्रह लाइपझिग येथे आहे. मराठीतल्या या एका निर्मितीचा अभ्यास करणाऱ्याला मुंबईतल्या आठवणी आणि लाइपझिगमधले कागद असे दोन्ही पाहावे लागतात. मराठी वाचणारा जर्मन संग्रहपाल किंवा जर्मन वाचणारा मराठी अभ्यासक नसेल, तर दोन्ही अर्धे अर्धेच राहतात. जुन्या काळातही हेच दिसते. १९३३ साली ‘नाट्यमन्वंतर’ या नाट्यसंस्थेने रंगभूमीवर आणलेले ‘आंधळ्यांची शाळा’ हे नॉर्वेच्या ब्यर्नसनच्या नाटकावरून घेतलेले होते.

युरोपात ही अडचण लवकर ओळखली गेली, कारण तेथील मोठे संग्रह मुळात एकेका छांदिष्ट माणसाने जमवले आणि नंतर कुठे ठेवायचे, या पेचातून सार्वजनिक संस्थांकडे आले. ऑग्यूस्त राँदेल या बँकव्यवसायातील गृहस्थांनी आपला अफाट नाट्यसंग्रह १९२०मध्ये फ्रेंच शासनाला दिला. फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या प्रयोगकला विभागाचा तो गाभा आहे. लंडनमध्ये गॅब्रिएल एन्थोव्हन यांचा संग्रह १९२४मध्ये व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाकडे आला. तोक्योच्या वासेदा विद्यापीठातील त्सुबोउची नाट्यसंग्रहालय १९२८चे. प्रत्येकाने आपापली पद्धत बसवली आणि कोणाकडे काय आहे, हे दुसऱ्याला ठाऊक नव्हते. न्यूयॉर्कच्या रोझामंड गिल्डर आणि जॉर्ज फ्रीडली यांनी १९३६मध्ये देशोदेशींच्या नाट्यसंग्रहांची पहिली मार्गदर्शिका प्रसिद्ध केली, तिचे महत्त्व एवढ्यासाठी.

आज या क्षेत्रातील मुख्य संघटना ‘सिबमास’ या फ्रेंच आद्याक्षरांच्या नावाने ओळखली जाते. ग्रंथालयांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या आश्रयाने ती १९५४मध्ये सुरू झाली आणि पुढे स्वतंत्र झाली. प्रयोगकलांची ग्रंथालये, संग्रहालये, दफ्तरखाने आणि तेथे काम करणारी माणसे तिचे सभासद होतात. तिची दर दोन वर्षांची परिषद उपयोगी असते, पण आपल्यासारख्यांनी तिकिटाचा खर्च करून तिथे धावावे असे नाही. आपल्या कामाची आहे ती तिची संग्रहांची निर्देशिका. १९६०मध्ये ती पॅरिसहून फ्रेंच आणि इंग्रजी अशा दोन भाषांत ग्रंथरूपाने निघाली होती. आता ती इंटरनेटवर सर्वांना खुली आहे. संगीताच्या बाजूला याहून शिस्तीचे काम झाले. संगीत ग्रंथालयांची आंतरराष्ट्रीय संघटना १९५१ची आणि जगभरच्या संगीत हस्तलिखितांची सामाईक सूची करण्याचा उपक्रम १९५२चा. संगीतात स्वरलिपीचा कागद असतो, म्हणून तिथे सूची सोपी पडली. आपल्याकडे प्रयोग असतो, आणि खरी गोम इथेच आहे.

ग्रंथालयाचे नियम पुस्तकासाठी बनले: लेखक, शीर्षक, प्रकाशक, वर्ष. या चौकटीत हँडबिल कोंबले की ‘लेखक: देवल, शीर्षक: शारदा’ अशी नोंद होते आणि त्या कागदावरची सगळ्यांत मोलाची गोष्ट, म्हणजे कोणत्या मंडळीने, कोणत्या गावी, कोणत्या रात्री, कोणाला घेऊन खेळ केला, ती हरवते. इंग्रजीत यासाठी शब्दांची बरीच ओढाताण होते. मराठीने मात्र हा भेद पूर्वीच करून ठेवला आहे. नाटक एक, त्याचे बसवणे निराळे आणि प्रयोग त्याहून निराळा; आपल्या जाहिरातींवर तर ‘प्रयोग क्रमांक’ छापलेला असतो. ग्रंथालय महासंघ आणि संग्रहालयांची आंतरराष्ट्रीय परिषद यांनी मिळून तयार केलेल्या नोंदींच्या आराखड्यातही प्रयोगाला स्वतंत्र जागा दिलेली आहे. ऑस्ट्रेलियातील ‘ऑसस्टेज’ ही माहितीसूची प्रयोगालाच मूळ घटक मानते: प्रयोग, त्याला जोडलेली माणसे, संस्था, स्थळ आणि तारीख. ऑस्लो विद्यापीठाने तीच रचना वापरून नॉर्वेच्या इब्सेन या नाटककाराच्या नाटकांच्या जगभरच्या प्रयोगांची ‘इब्सेनस्टेज’ ही सूची केली असून तीत वीस हजारांहून अधिक नोंदी आहेत. अनंत काणेकरांचे ‘घरकुल’ इब्सेनवरून घेतलेले. आपल्या गठ्ठ्यात त्याच्या एखाद्या मुफसल प्रयोगाचे हँडबिल निघाले, तर त्यावरची तारीख आणि पात्रपरिचय ऑस्लोला आपल्यासारख्यांकडूनच मिळू शकतो. देवघेव अशी होते. तिला कराराची गरज नाही.

आता एक हँडबिल जवळून पाहू, कारण नोंद म्हणजे काय हे त्याशिवाय कळत नाही. काही वर्षांपूर्वी माझ्यासमोर गुलाबी पातळ कागदावरचे एक पत्रक होते. नाटकाचे नाव ठळक, खाली ‘शनिवार, ता. १४ ऑगस्ट, रात्रौ ९॥ वाजता’, त्याखाली तिकिटांचे दर आणि ‘स्त्रियांसाठी स्वतंत्र सोय’. वर्ष नाही, उद्याच्या खेळासाठी वाटलेल्या कागदावर वर्ष कोण छापतो? पण वार छापलेला असतो आणि वार खोटे बोलत नाही. १९२० ते १९४३ या अवधीत १४ ऑगस्टला शनिवार चारदाच आला: १९२०, १९२६, १९३७ आणि १९४३. तळाशी बारीक टाइपात छापखान्याचे नाव आणि गल्ली होती. त्याच गल्लीतल्या त्याच छापखान्याची, सन छापलेली दुसरी पत्रके जुळवून १९२६ हे वर्ष ठरले. नोंदीत मी ‘१९२६’ लिहिले आणि ते वार व छापखाना यांवरून काढले आहे, हेही लिहिले. हे दुसरे वाक्य पहिल्याइतकेच आवश्यक आहे. परदेशातला माणूस आपल्या कपाटापाशी येऊन खात्री करू शकत नाही. छापलेले काय आणि आपण अनुमानाने भरलेले काय, हे त्याला नोंदीतच कळले पाहिजे.

प्रॉम्प्टरच्या वहीचेही तसेच. एका संगीत नाटकाच्या वहीत पदांशेजारी पेन्सिलीने ‘व. मो.’ आणि पुढे आकडे होते. वन्स मोअर किती मिळाले, याचा तो हिशेब. हे मराठी नाटकवाल्याला सांगावे लागत नाही. पण परदेशी सूचीकाराने तीच वही पाहिली असती, तर ‘अस्पष्ट टिपणे’ म्हणून पुढे गेला असता, आणि त्यात त्याची चूक नाही. म्हणून सहकार्यात आपण नेहमी मागणारे आणि ते देणारे, ही समजूत मला मान्य नाही. त्यांच्याकडे यंत्रे आणि पद्धती आहेत, आपल्याकडे अर्थ लावणारी माणसे आहेत, आणि ती माणसे वयाने ऐंशीच्या पुढे गेलेली आहेत. वहीसमोर बसवून त्यांचे बोलणे मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून घ्या.

नावांच्या बाबतीत थोडे कष्ट अधिक घ्यावे लागतील. बालगंधर्व हे कुठे त्या नावाने, कुठे नारायणराव राजहंस, तर कुठे नारायण श्रीपाद राजहंस या नावाने नोंदलेले असतात. रोमन लिपीत गेल्यावर ‘व’ कोणी ‘व्ही’ने लिहितो, कोणी ‘डब्ल्यू’ने, आणि एका माणसाची चार माणसे होतात. राष्ट्रीय ग्रंथालयांच्या नामसूची एकत्र जोडणारी ‘व्हिआफ’ ही आंतरराष्ट्रीय सूची कोणालाही पाहता येते. तिच्यात नाव सापडले तर त्याचा क्रमांक आपल्या नोंदीत लिहावा. न सापडले तर देवनागरी नाव, जन्म-मृत्यूची वर्षे आणि ठाऊक असलेली सर्व पर्यायी नावे द्यावीत. देवनागरी सोडून केवळ रोमन लिपीत नोंद करू नका. रोमनवरून मूळ नाव पुन्हा काढता येत नाही.

आपला ऐवज परदेशात काय आहे, हेही पाहिले पाहिजे. १८६७च्या छापखाने व पुस्तक नोंदणी कायद्यामुळे मुंबई इलाख्यात छापलेल्या पुस्तकांच्या याद्या दर तिमाहीस निघत आणि निवडक प्रती लंडनला जात. ब्रिटिश म्युझियममधील मराठी व गुजराती छापील पुस्तकांची ब्लुमहार्टकृत सूची १८९२ची आहे. इकडे वाळवीने खाल्लेली एकोणिसाव्या शतकातील नाटकांची पुस्तके आता ब्रिटिश लायब्ररीत शोधावीत, ती या कारणाने. १९६२पासून अमेरिकेच्या पी.एल. ४८० योजनेखाली (भारताला विकलेल्या धान्याच्या रुपयांतून पुस्तके घेण्याची ती सोय) मराठी पुस्तकेही तेथील विद्यापीठांत मोठ्या संख्येने गेली. मात्र ही सारी पुस्तके. हँडबिले आणि वह्या कोणी नेल्या नाहीत. त्या आपल्या पेटीतच आहेत.

प्रत घेणे आणि प्रत देणे, याचा मला सर्वांत पटलेला नमुना परदेशातला नसून आपल्याच राज्यात जन्मलेला आहे. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज या संस्थेने १९८२ साली पुण्यात लोकसंगीतशास्त्राचे संग्रह-संशोधन केंद्र काढले. ते पुढे दिल्लीकडे हलले आणि आता गुरुग्रामला आहे. परदेशी संशोधकांनी भारतात येऊन केलेली ध्वनिमुद्रणे त्यांच्या विद्यापीठांत पडून होती. त्यांच्या प्रती भारतात आणून ठेवाव्यात, हा त्यामागचा मुख्य हेतू. डच अभ्यासक आर्नल्ड बाके यांनी १९३०च्या दशकात केलेल्या मुद्रणांच्या प्रती घेऊन या केंद्राचे संस्थापक नझीर जयराजभॉय आणि त्यांच्या सहकारी एमी कॅटलिन १९८४मध्ये बाके ज्या गावांत गेले होते त्यांतल्या काही गावांत पुन्हा गेले आणि तिथल्या लोकांना ती ऐकवली. एरवी परतफेड हा शब्द परिषदांत नुसता फिरत असतो. इथे आवाज खरोखर मूळ गावी परतला.

ब्रिटिश लायब्ररीची ‘एन्डेंजर्ड आर्काइव्ह्ज’ योजना २००४पासून आहे. मूळ वस्तू देशाबाहेर न्यायची नाही, डिजिटल प्रत स्थानिक संस्थेत राहते आणि एक लंडनला जाते, ही तिची रीत. मुंबईच्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’च्या मंडळींनी या योजनेतून ‘यंग इंडिया’ या मुंबईच्या कंपनीच्या आणि नंतर ‘ओडियन’च्या तबकड्यांचे डिजिटायझेशन केले. तबकड्या खाजगी संग्राहकांच्या घरी होत्या आणि घरीच राहिल्या. योजनेचा भर साधारणपणे विसाव्या शतकाच्या मध्यापूर्वीच्या साहित्यावर असल्याने आपली १९५२नंतरची कागदपत्रे तीत बसणे कठीण; संस्थापकांच्या वडिलांचा गठ्ठा बसू शकेल. अर्ज त्या गठ्ठ्यापुरताच विचारात घ्यावा.

करार मात्र वाचल्याशिवाय करू नये. आमच्या ओळखीच्या एका संग्राहकाने परदेशातील एका संस्थेच्या प्रतिनिधीला, माणूस सज्जन म्हणून, तीस स्पूल ‘कॉपी करून परत’ या तोंडी बोलीवर दिले. स्पूल परत आले, अगदी नव्या खोक्यांत घालून. जुनी खोकी फेकून दिली गेली होती आणि त्यांवरच गायक, गाव व तारीख लिहिलेली होती. आणि डिजिटल प्रत मागितली तेव्हा ती ‘संशोधकांसाठी आमच्या वाचनालयात उपलब्ध’ असल्याचे उत्तर आले. यात कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. कागदावर काहीच नव्हते एवढेच. म्हणून चार गोष्टी लेखी असाव्यात: मूळ वस्तूची आणि तिच्या वेष्टनाची मालकी कोणाची, पूर्ण दर्जाची प्रत आपल्याला कधी मिळणार, ती तिकडे कोण व कुठे ऐकू-पाहू शकणार, आणि नोंदीत संस्थेचे नाव कसे येणार.

हक्कांचे गणित देशागणिक बदलते, त्यामुळे ‘जुने आहे, म्हणजे मोकळे आहे’ असे कोणी म्हटले तर ‘कोणत्या देशात?’ असे विचारावे. भारतात नाटककाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षे संहितेवर हक्क असतो, ब्रिटनमध्ये सत्तर. १९३५ साली प्रसिद्ध झालेली ध्वनिमुद्रिका आपल्याकडे केव्हाच मुक्त झाली, पण अमेरिकेच्या २०१८च्या कायद्याप्रमाणे तिथे ती २०३५ अखेरपर्यंत संरक्षित आहे. आपल्या संस्थेच्या संहिता बहुधा गावातल्याच लेखकांच्या असतील. त्यांच्या वारसांची संमती आता घ्या. आणखी वीस वर्षांनी वारस शोधायला पुण्या-मुंबईपासून न्यू जर्सीपर्यंत फिरावे लागेल.

कपडेपट परदेशी प्रदर्शनाला पाठवण्याचा विचार सध्या बाजूला ठेवावा. १९७२च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांवरील कलावस्तू आणि पंचाहत्तर वर्षांवरील हस्तलिखिते खाजगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाहीत, आणि आपल्या गठ्ठ्यातील काही कागद त्या वयाचे आहेत. शिवाय जरीचे शालू आणि फेटे उसने घेणारे संग्रहालय प्रकाश पन्नास लक्सच्या आत ठेवते आणि प्रत्येक डागाची व उसवणीची स्थितीनोंद मागते. ती नोंद करण्याची सवय मात्र घरच्या घरी लावून घ्यावी.

घाई आहे ती स्पुलांची. युनेस्को आणि ध्वनिसंग्रहांची आंतरराष्ट्रीय संघटना ‘इयासा’ यांनी २०१९-२०मध्ये चुंबकीय टेपविषयी जगभर इशारा दिला, तो टेपपेक्षाही टेप वाजवणाऱ्या यंत्रांबद्दल होता: यंत्रे, त्यांचे सुटे भाग आणि दुरुस्त करणारे हात संपत चालले आहेत. कोणाच्या माळ्यावरचे जुने यंत्र आणून स्पूल लावून पाहू नका. आधी स्पूल खिडकीपाशी उजेडात धरा. गुंडाळीतून उजेड झिरपत असेल तर टेप अॅसिटेटची आहे, आणि तिला व्हिनेगरसारखा वास येत असेल तर ती आधी काढून वेगळ्या खोलीत ठेवा. खोकी आणि आतल्या चिठ्ठ्या फेकू नका, त्यांचे फोटो काढा. डिजिटल प्रत करणाऱ्याला निदान ४८ किलोहर्ट्‌झ, शक्यतो ९६ किलोहर्ट्‌झ, आणि २४ बिट एवढा दर्जा मागा, आणि ‘आवाज स्वच्छ’ न करता जसाच्या तसा मागा. एमपीथ्री ही ऐकण्याची सोय आहे, ती जतन करण्याची प्रत होत नाही.

तेव्हा पहिले पत्र परदेशी न पाठवता गुरुग्रामच्या त्या संग्रह-संशोधन केंद्राला पाठवा आणि स्पुलांची यादी सोबत जोडा. तुमच्यासारख्यांच्या टेपांशी त्यांचा रोजचा संबंध येतो. दुसरे ‘सिबमास’च्या निर्देशिकेला. त्यात प्रशंसा नको: संस्थेचे नाव देवनागरीत व रोमन लिपीत, गाव, जिल्हा, कोणत्या वर्षांपासून कोणत्या वर्षांपर्यंतचा ऐवज, प्रकारवार संख्या, मराठी भाषा, यादी झालेली किती व न झालेली किती, आणि कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे असते त्यांचा दूरध्वनी.